विकरांची विचारपूस

मागच्या अंकात या सदरासाठी पेशीतल्या विकरांबद्दल, म्हणजे एन्झाइमांबद्दल, प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. काहींत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत होती, ती एकत्र केली आहे. माझ्याविषयी विचारणाऱ्यांना एवढंच सांगते की आधी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले आणि नंतर निवृत्त होईपर्यंत महाविद्यालयात जैवरसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. त्यामुळे उत्तरांत परीक्षानळ्या जरा जास्त दिसतील.

मॅडम, आमच्या पुस्तकात लिहिलंय की उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो, पण स्वतः बदलत नाही. भाग घेतला तर काहीतरी बदल होणारच ना? (एक विद्यार्थिनी)

तुझी शंका रास्त आहे आणि पुस्तकातलं वाक्य अर्धवट आहे. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, आणि विकर हा पेशीतला उत्प्रेरक. विकर बदलतं, आणि काम संपलं की पूर्वपदावर येतं. शेवटी मोजायला गेलं तर जेवढं घातलं होतं तेवढंच सापडतं, म्हणून 'बदलत नाही' असं लिहायची सवय पडली आहे.

कायमोट्रिप्सिनचं उदाहरण घे. स्वादुपिंड हे विकर निष्क्रिय रूपात तयार करतं. लहान आतड्यात ते जागं होतं आणि प्रथिनांच्या साखळ्या तोडतं. सुमारे २४० अमिनो आम्लांचा हा रेणू, पण तोडण्याचं खरं काम तिघांकडे: १९५ क्रमांकाचं सेरीन, ५७ क्रमांकाचं हिस्टिडीन आणि १०२ क्रमांकाचं अॅस्पार्टेट. साखळीत ही तिघं एकमेकांपासून लांब आहेत. साखळीची घडी पडते तेव्हा ती एका खोबणीत शेजारी शेजारी येतात.

आता होतं काय, ते पाहा. हिस्टिडीन सेरीनकडचा हायड्रोजन ओढून घेतं. मोकळा झालेला सेरीनचा ऑक्सिजन समोर आलेल्या प्रथिनाच्या बंधावर चाल करतो. बंध तुटतो. प्रथिनाचा एक तुकडा सुटून निघून जातो आणि दुसरा चक्क सेरीनला चिकटून बसतो, साध्या ओढीनं नव्हे, रासायनिक बंधानं. या घडीला आपलं विकर मूळचं विकर राहिलेलं नाही. मग पाण्याचा रेणू आत शिरतो. हिस्टिडीन या वेळी पाण्याचा हायड्रोजन ओढतं, पाण्याचा उरलेला भाग चिकटलेल्या तुकड्याला सोडवतो आणि सेरीनला त्याचा हायड्रोजन परत मिळतो. खोबणी रिकामी, पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार. पसंतीचा रेणू समोर असेल तर हा सगळा फेरा एका सेकंदात शंभरेक वेळा होतो.

हे कळलं कसं, ते मला जास्त आवडतं. १९५४ मध्ये हार्टली आणि किल्बी या दोघांनी कायमोट्रिप्सिनला प्रथिनाऐवजी एक बनावट खाद्य दिलं. पॅरा-नायट्रोफेनॉलचं एस्टर, जे तुटलं की पिवळा रंग देतं. रंग एकसारखा चढत जाईल अशी कुणाचीही अपेक्षा असेल. पण पिवळेपणा सुरुवातीला एकदम उसळला आणि मग संथ गतीनं वाढत राहिला. त्या पहिल्या उसळीतला रंग विकराच्या रेणूंच्या संख्येशी जुळत होता, विकराच्या एका रेणूमागे रंगाचा साधारण एक. म्हणजे पहिला तुकडा झटकन सुटतो, पण दुसरा विकरालाच चिकटून राहतो आणि तो निघेपर्यंत सगळी विकरं अडकून पडतात. प्रकाशमापकासमोर बसून ही उसळी स्वतः पाहिलेला विद्यार्थी 'भाग घेतो पण बदलत नाही' असं पुन्हा लिहीत नाही. हा प्रयोग अभ्यासक्रमात सगळीकडे असावा असं माझं मत आहे. यंत्र साधं लागतं आणि शिकायला खूप मिळतं.

विकर ऊर्जेचा अडसर कमी करतं असं वाचलं. मग ती ऊर्जा येते कुठून? मी आयुष्यभर अभियांत्रिकीत काम केलं. फुकट काहीच मिळत नाही एवढं पक्कं ठाऊक आहे. (एक निवृत्त वाचक)

फुकट काही मिळत नाहीच. पण इथे दोन वेगळे हिशेब आहेत आणि गल्लत त्यांच्यात होते.

पहिला हिशेब सुरुवातीच्या आणि शेवटच्या पदार्थांच्या ऊर्जेतल्या फरकाचा. अभिक्रिया कुठल्या बाजूला जाईल आणि कुठवर जाऊन थांबेल हे त्यावर ठरतं. दुसरा हिशेब मधल्या टप्प्याचा. जुने बंध ताणले गेलेत, नवे अजून जुळलेले नाहीत, अशी एक अवघडलेली अवस्था प्रत्येक अभिक्रियेत येते. तिथवर पोचायला जी ऊर्जा लागते ती सक्रियण ऊर्जा, आणि ती जितकी जास्त तितकी अभिक्रिया रेंगाळते. विकर फक्त या दुसऱ्या हिशेबात हात घालतं. पहिल्यातला एक आकडाही हलत नाही. विकर असो वा नसो, बाहेर पडणारी ऊर्जा तेवढीच.

'रेंगाळते' म्हणजे किती, याचा एक अंदाज देते. आरएनए आणि डीएनएच्या काही अक्षरांची जुळणी करताना पेशीत एक पायरी येते, तिथे ऑरोटिडिन मोनोफॉस्फेट या रेणूतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा असतो. ऊर्जेचा हिशेब अनुकूल आहे, म्हणजे हे आपोआप घडू शकतं. अमेरिकेतल्या रिचर्ड वुल्फेंडेन यांच्या प्रयोगशाळेनं १९९५ मध्ये मोजलं, आपोआप म्हणजे किती वेळात. तेवढा वेळ थांबणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी याच प्रकारच्या एका साध्या रेणूचं द्रावण बंद नळ्यांत भरून खूप तापवलं, तिथला वेग मोजला आणि त्यावरून नेहमीच्या तापमानाचा वेग काढला. निम्मे रेणू बदलायला लागणारा काळ निघाला सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षं. पेशीतलं विकर हेच काम सेकंदाला चाळीसेक वेळा करतं.

आता तुमचा मूळ मुद्दा: अडसर उतरवण्याची भरपाई कोण करतं? विकराची पकड. १८९४ मध्ये एमिल फिशर यांनी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, ती आजही प्रत्येक पुस्तकात आहे. विकर ठरावीक रेणूच का निवडतं हे त्यातून छान कळतं. वेग का वाढतो हे मात्र कळत नाही. उलट, येणारा रेणू कुलपात अगदी नीट बसला, तर तो तिथे आरामात राहील. बदलायची त्याला गरज काय? लायनस पॉलिंग यांनी १९४० च्या दशकात याचं उत्तर मांडलं. विकराची खोबणी मूळ रेणूच्या मापाची नसतेच. ती मधल्या त्या अवघडलेल्या अवस्थेच्या मापाची असते. हायड्रोजन बंध, विरुद्ध भारांचं आकर्षण, तेलकट भागांचं एकमेकांना बिलगणं, ही सगळी पकड त्या अवस्थेला सर्वांत घट्ट बसते. घट्ट पकडीतून सुटणारी ऊर्जा अडसराच्या खात्यातून वजा होते.

या कल्पनेची परीक्षा घेता येते. ती अवघडलेली अवस्था स्वतः क्षणभरही टिकत नाही, पण तिच्यासारखा दिसणारा टिकाऊ रेणू बनवला तर? असे रेणू बनवले गेले आणि विकरांनी ते मूळ रेणूपेक्षा हजारो, कधी लाखो पटींनी घट्ट धरले. इन्फ्लुएन्झावर दिलं जाणारं ऑसेल्टामिव्हिर हे औषध याच विचारातून घडवलेलं आहे. ते विषाणूच्या न्युरामिनिडेज या विकराच्या खोबणीत जाऊन बसतं.

खोबणी दगडासारखी ताठ नसते, हेही सांगायला हवं. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी मांडलं की रेणू आत आल्यावर विकर स्वतःचा आकार जुळवून घेतं. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणारं हेक्झोकायनेज हे याचं ठळक उदाहरण. ग्लुकोज खोबणीत आलं की विकराचे दोन भाग त्याच्याभोवती मिटतात आणि पाणी बाहेर राहतं. हे मिटणं नसतं, तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूचा मोलाचा फॉस्फेट पाण्यावरच उधळला गेला असता.

आणि दिशेबद्दल. अडसर उतरला की तो दोन्ही बाजूंनी उतरतो. रक्तातल्या तांबड्या पेशींत कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं विकर आहे. ऊतींमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तिथे ते त्याचं पाण्याशी संयोग करून बायकार्बोनेट होऊ देतं. रक्त फुप्फुसात पोचलं, तिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून तेच विकर बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊ देतं. विकर तेच, त्याच्या खोबणीतला जस्ताचा अणूही तोच. बाजू बदलली ती आजूबाजूच्या प्रमाणामुळे. या विकराशिवाय हा बदल व्हायला काही सेकंद लागतात. फुप्फुसाच्या केशवाहिनीत रक्त जेमतेम पाऊण ते एक सेकंद थांबतं. विकराचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात फेरे मारतो म्हणून हा हिशेब बसतो. तुम्ही अभियंते आहात, वेळेचं हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसेल.

ताई, माझ्या रक्ताच्या अहवालात एसजीपीटी ६८ युनिट प्रति लिटर आलं. हे विकर आहे म्हणतात. विकर शरीराला लागतंच, मग जास्त आलं तर वाईट कसं? आणि युनिट म्हणजे किती मिलिग्रॅम? (एक गृहिणी)

तुमच्या आकड्याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचा, मी सांगणार नाही. पण प्रश्नाचा दुसरा भाग माझ्या जुन्या नोकरीतला, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

एसजीपीटी, हल्ली ज्याला एएलटी म्हणतात, ते मुख्यतः यकृताच्या पेशींच्या आत काम करतं. अॅलनिन या अमिनो आम्लाकडचा नायट्रोजनवाला गट काढून दुसऱ्या रेणूला द्यायचा, हे त्याचं काम. रक्तात त्याला काहीच काम नाही. पेशी जुन्या होऊन मोडतात तेव्हा थोडंफार रक्तात झिरपतं, ते प्रत्येकाच्याच रक्तात असतं. यकृताच्या पेशींना इजा झाली की जास्त झिरपतं. म्हणजे वाढलेला आकडा 'विकर जास्त झालं' असं सांगत नाही. जे आत असायला हवं होतं ते बाहेर आलंय, एवढंच सांगतो.

आता युनिट. रक्तातलं हे विकर वजनात मोजायचं तर सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या, एका लिटरमध्ये ६० ते ८० ग्रॅम इतर प्रथिनं आणि त्यात हे मिलिग्रॅमच्या अंशाएवढं. कसं शोधणार? म्हणून आपण त्याचं वजन करतच नाही, त्याच्याकडून काम करून घेतो आणि ते काम मोजतो. एका मिनिटात एक मायक्रोमोल (रेणूंची संख्या मोजायचं एक माप) पदार्थ बदलण्याइतकी क्षमता म्हणजे एक युनिट. तुमच्या ६८ चा अर्थ असा, की तुमच्या सीरमच्या एका लिटरमधलं विकर ठरलेल्या परिस्थितीत मिनिटाला ६८ मायक्रोमोल अॅलनिन बदलेल.

मोजायची युक्ती सुरेख आहे. छोट्या चौकोनी पारदर्शक नळीत सीरमचे थेंब, त्यात अॅलनिन आणि कीटोग्लुटारेट घालायचं. एएलटी कामाला लागतं, पायरुव्हेट तयार होतं. पण पायरुव्हेट दिसत नाही, त्याला रंग नाही. म्हणून नळीत आणखी दोन गोष्टी आधीच घातलेल्या असतात: एनएडीएच आणि लॅक्टेट डीहायड्रोजिनेज नावाचं दुसरं विकर. हे दुसरं विकर तयार होणारं पायरुव्हेट तत्काळ लॅक्टेटमध्ये बदलतं आणि दर रेणूमागे एनएडीएचचा एक रेणू खर्च करतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो, खर्च झालेलं रूप शोषत नाही. नळी ३७ अंशांवर ठेवून त्यातून तो प्रकाश सोडायचा आणि शोषण दर मिनिटाला किती घटतंय ते पाहायचं. उतार जितका तीव्र तितकं एएलटी जास्त. एका विकराचा माग दुसऱ्या विकरानं काढायचा. यंत्रं आता हे सगळं आपोआप करतात, पण आम्ही तो घसरता काटा डोळ्यांनी पाहायचो.

एक जाता जाता. सुई टोचताना किंवा नळी हलवताना तांबड्या पेशी फुटल्या की सीरम तांबूस येतं. त्या पेशींतही विकरं असतात, विशेषतः लॅक्टेट डीहायड्रोजिनेज आणि एसजीओटी (एसजीपीटीसारखंच अहवालात येणारं दुसरं विकर), आणि ती रोग नसताना आकडा फुगवतात. 'पुन्हा रक्त द्या' असा निरोप आला तर चिडू नका. तो बहुधा प्रामाणिक प्रयोगशाळेचा निरोप असतो.

तापात शरीरातली विकरं नष्ट होतात हे खरं का? (आजोबा, दोन नातवंडांचे)

नाही, ३९-४० अंशांत आपली बहुतेक विकरं शाबूत असतात. तापमान वाढलं की अभिक्रिया वेगानं होतात, दहा अंशांमागे साधारण दुप्पट ते तिप्पट. त्याच वेळी विकराची घडी सैल होत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे ती उलगडते. घडी गेली की खोबणी गेली. आपल्या बऱ्याच विकरांची ही मर्यादा तापाच्या आकड्यांपेक्षा बरीच वर असते. तीव्र ताप धोकादायक असतो, पण त्याचं कारण 'विकरं मेली' इतकं सरळ नाही.

नातवंडांना दाखवायला एक प्रयोग सांगते. औषधाच्या दुकानातल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या यकृताचा वाटाण्याएवढा तुकडा टाकला की धो धो फेस येतो. यकृतातलं कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. तोच तुकडा पाच मिनिटं उकळून, निववून टाका: जवळजवळ काहीच होत नाही. फेस थांबल्यावर कच्चा तुकडा ताज्या पेरॉक्साइडमध्ये टाकला तर मात्र पुन्हा फेसाळतो, कारण संपलं होतं ते पेरॉक्साइड, कॅटलेज जागेवरच होतं.

मर्यादा सगळ्यांची सारखी नसते. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू वेगळा केला आणि १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याचं डीएनएची साखळी बनवणारं विकर ७० अंशांच्या वर खुशीत काम करतं आणि ९५ अंशांचे चटके वारंवार सोसतं. पीसीआर चाचणी प्रत्यक्षात सोपी झाली ती या विकरामुळे.

एन्झाइमच्या गोळ्या घेतल्यानं पेशींना नवं बळ मिळतं, अशी जाहिरात पाहिली. घ्याव्यात का?

विकर हे प्रथिन आहे. गिळलेलं प्रथिन जठरात आणि आतड्यात तुटतं, तोडणारी पुन्हा विकरंच. त्याचे तुकडे रक्तात जातात, आख्खं विकर पेशीत पोचत नाही. अपवाद आतड्याच्या आत करायच्या कामाचा: स्वादुपिंड पुरेशी विकरं बनवत नसेल तर डॉक्टर ती कॅप्सूलमधून देतात, आणि आम्लात टिकावीत म्हणून त्यांवर आवरण असतं. दूध पचत नसेल तर लॅक्टेज या दुधातली साखर तोडणाऱ्या विकराचाही उपयोग होतो. 'पेशींना बळ' हे मात्र जाहिरातवाल्यांचं रसायन.

मिथेनॉलची विषबाधा झालेल्याला डॉक्टर अल्कोहोलच देतात असं ऐकलं. हा काय प्रकार?

ऐकलंत ते बरोबर आहे, पण हे रुग्णालयात, मोजून मापून करायचं काम आहे. घरी मुळीच नाही.

मिथेनॉल स्वतः फारसं घातक नसतं. यकृतातलं अल्कोहोल डीहायड्रोजिनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, दुसरं विकर त्यापासून फॉर्मिक आम्ल करतं, आणि हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंवर आणि पेशींच्या श्वसनावर घाला घालतं. म्हणजे विष आपलंच विकर तयार करतं. इथेनॉलही त्याच खोबणीत बसतं आणि विकराची पसंती इथेनॉलला कितीतरी पटींनी जास्त आहे. खोबण्या इथेनॉलनं व्यापल्या की मिथेनॉलला जागाच मिळत नाही. ते न बदलता हळूहळू श्वासावाटे, लघवीवाटे किंवा डायलिसिसनं निघून जातं. उपलब्ध असेल तिथे हल्ली फोमेपिझोल वापरतात. तेही तीच खोबणी अडवतं, पण नशा चढत नाही.

जागा अडवण्याचा हा प्रकार उलटवता येतो: इथेनॉल संपलं की खोबणी मोकळी. काही औषधं मात्र विकराला कायमचं निकामी करतात. अॅस्पिरिन घ्या. सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या एका सेरीनवर ते आपला अॅसिटिल गट चिकटवून टाकतं आणि वाट बंद होते. इतर पेशी नवं विकर बनवून ही तूट भरून काढतात. रक्तातल्या बिंबाणूंना, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सना, केंद्रकच नसतं, त्यांना ते जमत नाही. बिंबाणू आठ-दहा दिवस जगतो, तेवढे दिवस त्याचं ते विकर बंद. म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टर अॅस्पिरिनबद्दल विचारतात, आणि ते खरं सांगावं. पेनिसिलिनही याच जातीचं. जिवाणूची भिंत विणणाऱ्या विकराच्या सेरीनला ते जाऊन चिकटतं. पहिल्या प्रश्नात कायमोट्रिप्सिनला दुसरा तुकडा चिकटला होता आणि पाण्यानं सोडवला होता, आठवतंय? इथेही तसंच चिकटणं आहे, फक्त पाणी ते काही केल्या सोडवू शकत नाही.

एका पेशीत हजारो प्रकारची विकरं एकाच वेळी काम करतात. गोंधळ कसा होत नाही?

या प्रश्नावर पुस्तकं भरली आहेत, मी दोनच गोष्टी सांगते.

ई. कोलाय हा जिवाणू आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल थ्रिओनिनपासून पाच पायऱ्यांत बनवतो. १९५६ मध्ये एडविन अंबार्गर यांनी दाखवलं की साठलेलं आयसोल्युसिन थेट पहिल्याच पायरीच्या विकराला थांबवतं. मधल्या चार विकरांना कुणी काही सांगावं लागत नाही; कच्चा मालच यायचा थांबतो. गंमत अशी की आयसोल्युसिन त्या विकराच्या खोबणीत बसत नाही. ते दुसऱ्याच ठिकाणी बसतं आणि तिथून विकराची घडी किंचित बदलतं. आयसोल्युसिन खर्च झालं की विकर पुन्हा सुरू. साठा भरल्याची खबर साठाच देतो, वेगळा पहारेकरी लागत नाही.

दुसरी गोष्ट, धोकादायक विकरं बांधून ठेवलेली असतात. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडात ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बनतं. आतड्यात गेल्यावर तिथलं एक विकर त्याचा छोटासा तुकडा कापतं, तेव्हा ते जागं होतं आणि मग इतरांना जागं करतं, वरच्या कायमोट्रिप्सिनलाही. स्वादुपिंडातच चुकून थोडं जागं झालं तर त्याला दाबायला एक रोधक प्रथिन हजर असतं. हा बंदोबस्त कोलमडला की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. तीव्र स्वादुपिंडदाह ज्यांनी सोसलाय त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

विकरं प्रथिनांचीच असतात, हे कुणी आणि कसं सिद्ध केलं?

जेम्स समनर यांनी, १९२६ मध्ये. त्यांची कहाणी सांगायचा मोह आवरत नाही. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला, आणि ते डावखुरे होते. एका हातानं रसायनशास्त्र जमणार नाही असं त्यांना ऐकवलं गेलं. त्यांनी जॅक बीन या शेंगेच्या बियांतून युरिया तोडणारं युरिएज वेगळं करायला घेतलं, त्यात नऊ वर्षं गेली, आणि अखेर त्याचे स्फटिक हाती आले. स्फटिक प्रथिनाचे होते आणि तेच युरिया तोडत होते.

लोकांनी मान्य केलं नाही. जर्मनीत रिचर्ड विलश्टेटर हे नोबेलविजेते मोठं प्रस्थ होतं. त्यांच्या मते प्रथिन हा नुसता वाहक, खरा उत्प्रेरक त्याला चिकटलेला कुठलातरी लहान रेणू. त्यांच्या विकराच्या द्रावणात प्रथिनाची चाचणी नकारार्थी यायची. कारण साधं होतं: विकर इतक्या थोड्या प्रमाणात काम करतं की चाचणीला दिसेल एवढं प्रथिन त्या द्रावणात नव्हतंच. नॉर्थ्रप यांनी १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक मिळवले, मग ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिनचेही, तेव्हा वाद निवला. १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये समनर आणि नॉर्थ्रप दोघेही होते.

पण तुमच्या प्रश्नातला 'च' आता काढावा लागेल. १९८२ मध्ये थॉमस चेक यांच्या गटाला टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात असं आरएनए सापडलं, जे कुठल्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःतला तुकडा कापून काढतं आणि टोकं जोडतं. लगोलग सिडनी ऑल्टमन यांच्या गटानं दुसरं उदाहरण दिलं. दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. २००० मध्ये रायबोसोमची बारीक रचना उलगडली तेव्हा दिसलं की अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याची जागाही आरएनएचीच आहे. सगळी प्रथिनरूपी विकरं ज्या कारखान्यात बनतात तिथला मुख्य उत्प्रेरक प्रथिन नाही.

सगळी विकरं अशी अफाट वेगवानच असतात का? एखादं सुमार विकरही असेल ना?

आहे की, आणि त्याच्याशिवाय आपल्यापैकी कुणी जगणार नाही. रुबिस्को. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून वनस्पतींच्या साखरेच्या वाटेला लावणारं विकर. वनस्पतींत ते सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू हाताळतं. वर, त्याला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडमधला फरक नीट कळत नाही. साधारण दर चार वेळांतून एकदा ते ऑक्सिजनच उचलतं, आणि त्यातून तयार होणारा निरुपयोगी रेणू निस्तरायला वनस्पतीला ऊर्जा खर्चावी लागते. उपाय म्हणून पानं हे विकर ढिगानं बनवतात. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांत निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा असू शकतो.

त्याला नुसतं नालायक म्हणणं अन्यायाचं होईल. त्याचे पूर्वज घडले तेव्हा हवेत ऑक्सिजन नव्हताच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे फरक ओळखण्याची वेळ आली नव्हती. आणि निवड अचूक करायला जावं तर वेग घटतो, वेग वाढवावा तर चुका वाढतात, असं निरनिराळ्या जिवांतलं रुबिस्को तपासताना पुन्हा पुन्हा दिसतं. २०१४ मध्ये संशोधकांनी तंबाखूच्या झाडातलं मूळ रुबिस्को काढून त्या जागी सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचं वेगवान रुबिस्को बसवलं. झाडं वाढली, प्रकाशसंश्लेषणही झालं. पण हे रुबिस्को ऑक्सिजनला जास्त भुलणारं, त्यामुळे झाडांना साध्या हवेत ठेवून भागलं नाही, मुद्दाम जास्त कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या कक्षात वाढवावं लागलं. सायनोबॅक्टेरिया हीच अडचण रुबिस्कोला प्रथिनाच्या एका डबीत कोंडून आणि त्या डबीत कार्बन डायऑक्साइड दाटवून सोडवतात. ती डबी झाडाच्या पेशीत उभी करण्याचे प्रयत्न सध्या चालू आहेत.